फोन घरोघरी पोचला, पण काम कोणाच्या हातून होतं?

पाटीपेन्सिल (धागाकर्ता)

२०२५ च्या सुरुवातीला केंद्र सरकारने केलेल्या दूरसंचार पाहणीनुसार देशातल्या ८५.५ टक्के घरांत निदान एक स्मार्टफोन आहे. २०१७-१८ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत ग्रामीण भागातल्या जेमतेम १४.९ टक्के घरांत इंटरनेट होतं, शहरांत ४२ टक्के. म्हणजे सात-आठ वर्षांत यंत्र घरात आलं. स्वस्त डेटा, करोनातली ऑनलाइन शाळा, यूपीआय ही कारणं सगळ्यांना तोंडपाठ आहेत, त्यात शिरत नाही.

मी अडलोय दुसऱ्या आकड्यांपाशी. २०२२-२३ च्या पाहणीत १५ ते २९ वयाच्या तरुणांना काय काय येतं ते विचारलं. फोटो किंवा फाइल जोडून मेसेज पाठवता येणारे ७८.४ टक्के, कॉपी-पेस्ट येणारे ७१.२ टक्के. आणि माहिती शोधणं, ईमेल पाठवणं, ऑनलाइन बँकव्यवहार करणं ही सगळी कामं जमणारे? २६.८ टक्के. हे तरुणांचं आहे बरं का. आजी-आजोबांची तर गोष्टच वेगळी.

बायका-पुरुषांमधलं अंतर बघा. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या ३८ टक्के बायकांनी आयुष्यात कधीतरी इंटरनेट वापरलं होतं, पुरुषांत ६१.५ टक्क्यांनी. आपल्याकडची ही पाहणी करोनाच्या आधीची, २०१९ ची. त्यामुळे आकडा आज नक्कीच वर गेला असेल. पण 'कधीतरी वापरलं' आणि 'स्वतःचं काम स्वतः उरकलं' यांत किती अंतर असतं ते घरात नजर टाकली की कळतं.

माझं म्हणणं एवढंच की 'फोन कोणाकडे आहे' हा प्रश्न आता जुना झाला. आताची फाळणी वेगळी आहे. एका बाजूला आपला फॉर्म आपण भरणारे, दुसऱ्या बाजूला पोराला, पुतण्याला, सेवा केंद्रातल्या दादाला ओटीपी सांगून काम करून घेणारे. हे दुसरे लोक पाहणीत 'वापरकर्ते' म्हणून मोजले जातात. घरात फोन आहे, महिन्याला रिचार्ज होतं, अनुदान खात्यात पडतं. कागदोपत्री सगळं डिजिटल.

तुमच्या आसपास काय दिसतं? फक्त 'आमच्या आईला रील्स बघता येतात' यावर थांबू नका.

ताकभात

आमच्या आईला रील्स बघता येतात. थांबलो. 😀

सेतूवाला

आपले सरकार सेवा केंद्र चालवतो, तालुक्याच्या गावी. ज्याला तुम्ही दादा म्हणताय तो मीच. त्यामुळे थोडं सविस्तर लिहितो.

माझ्याकडे येणारा माणूस अडाणी असतो हा गैरसमज आधी काढा. बीए झालेली मुलं येतात, मास्तर येतात. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, महाडीबीटीचे अर्ज, पीएम किसानची केवायसी. यातलं बरंचसं घरबसल्या होतं. तरी लोक येतात, कारण त्यांना चुकण्याची भीती असते. अर्ज एकदा चुकला की दुरुस्तीसाठी तहसीलच्या पायऱ्या कोण झिजवणार? माझी फी ही त्या भीतीची किंमत आहे.

दुसरं, फोटो ठरावीक केबीत बसवणं. कागदाचा फोटो काढून त्याची पीडीएफ करणं, तिचा आकार कमी करणं आणि नंतर ती फोनमध्ये सापडणं. निम्मी गर्दी यातच अडकते. 'डाउनलोड झालंय पण गेलं कुठं?' हे वाक्य मी रोज ऐकतो, आणि ते विचारणारा बहुतेक वेळा पंचविशीच्या आतला असतो.

तिसरं, पासवर्ड. लोक म्हणतात तुमच्याकडेच राहू द्या. मी वहीत लिहून ठेवत नाही, पण तशा वह्या असलेली केंद्रं आहेत. एका वहीत अख्ख्या गावाचे पासवर्ड. यावर हसू नका. त्या माणसाला पुढच्या वर्षी पुन्हा लॉगिन करायचंय आणि त्याचा जुना नंबर बंद पडलेला असतो.

रानवाट

ई-पीक पाहणीचं उदाहरण घ्या. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झाली. आधी तलाठी नोंद करायचा, आता शेतकऱ्याने स्वतःच्या बांधावर उभं राहून पिकाचा फोटो काढून सातबाऱ्यावर पेरा नोंदवायचा. कल्पना चांगली आहे. तलाठ्याने चावडीत बसून अंदाजपंचे सोयाबीन लिहिण्यापेक्षा कधीही बरी. आणि नोंद नसेल तर नुकसान भरपाई, हमीभावाची खरेदी, सगळीकडे घोळ होतो, त्यामुळे टाळताही येत नाही.

पण प्रत्यक्षात आमच्याकडे काय होतं? भावकीतलं एक चुणचुणीत पोरगं सगळ्यांच्या नोंदी करतं. एका मोबाइलवरून अनेक खातेदारांच्या नोंदी होतात, त्यामुळे चालून जातं. सरकारच्या हिशेबी इतक्या लाख शेतकऱ्यांनी अ‍ॅप वापरलं. खरं बघितलं तर गावात दहा-बारा पोरांनी वापरलं. पोरगं पुण्याला कंपनीत लागलं की पुढच्या हंगामात पुन्हा शोधाशोध.

उंटावरचा_शहाणा

सगळं मान्य. पण हा प्रश्न वीस वर्षांत आपोआप मिटेल असं नाही का वाटत? आजचे साठीचे जातील, आजची बारा-पंधरा वर्षांची पोरं फोन हातात घेऊनच जन्मलीत. टीव्हीचा रिमोट आला तेव्हाही हेच बोललो असणार आपण. उगाच चिंता.

फळ्यावरची_बाई

@उंटावरचा_शहाणा, नाही मिटणार. मी संगणक शिकवते. एमएस-सीआयटी या संगणक अभ्यासक्रमाच्या सुरुवातीच्या काळापासून वर्ग घेतेय, त्यामुळे दोन पिढ्या बघितल्यात.

२००१ मध्ये हा अभ्यासक्रम चालवणारं एमकेसीएल स्थापन झालं आणि गावोगावी केंद्रं निघाली. तेव्हाच्या मुलांनी संगणक कधी पाहिलेला नसायचा, माऊस धरताना हात थरथरायचा. पण ती फोल्डर, फाइल, सेव्ह करणं इथून शिकली. सरकारी नोकरीला प्रमाणपत्र लागायचं म्हणून आली, हे खरं, पण काहीतरी घेऊन गेली. आताच्या मुलांना फोन इतका सरावाचा की आपल्याला काही येत नाही हेच त्यांना पटत नाही. नववीतल्या मुलाला 'हा अर्ज टाइप करून मला मेल कर' म्हटलं तर तो वहीत लिहून फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतो. आणि मेल केलाच तर विषयाच्या चौकटीत अख्खं पत्र, खालची जागा रिकामी.

'असर' या शिक्षणविषयक पाहणीचा २०२३ चा अहवाल वाचा. २६ राज्यांतले २८ ग्रामीण जिल्हे, वय १४ ते १८. महाराष्ट्रातून नांदेड होता. या पाहणीचं मला कौतुक अशासाठी की त्यांनी नुसतं विचारलं नाही, फोन हातात देऊन कामं करून घेतली. गजर लाव, एवढी माहिती शोध, नकाशावर अमुक ठिकाणी जायला किती वेळ लागेल ते सांग, यूट्यूबवरचा अमका व्हिडिओ काढून पाठव. व्हिडिओ बहुतेकांना सापडला. नकाशा जमला साधारण एक तृतीयांश मुलांना. आणि प्रत्येक कामात मुली मुलांच्या मागे.

त्या मागे का, तेही त्याच अहवालात आहे. फोन वापरता येतो म्हणणाऱ्यांमध्ये स्वतःचा फोन असलेले मुलगे सुमारे ४४ टक्के, मुली सुमारे २० टक्के. ज्या मुलीला फोन संध्याकाळी दादा घरी आल्यावर, आईसमोर, अर्धा तास मिळतो, ती नकाशा कुठे उघडून बघणार? तिला एकटीने कुठे जायचंही नसतं. वय वाढलं म्हणून हे अंतर भरत नाही.

नळदुर्गकर

फळ्यावरची_बाई यांच्या शेवटच्या परिच्छेदाला +१. आमच्याकडे लग्न ठरलं की मुलीचा नंबर बदलतो. आधारला जोडलेला नंबर माहेरचा, बँकेला जोडलेला भावाचा. मग सासरी बसून ओटीपीसाठी माहेरी फोन. या बाईला तुम्ही कितीही प्रशिक्षण द्या.

पणजीकार

गोव्यातून लिहितोय. त्याच कुटुंब आरोग्य पाहणीत गोव्यातल्या ७३.७ टक्के बायकांनी इंटरनेट वापरलेलं होतं. देशाची सरासरी ३३ टक्के, बिहारची साधारण २१. म्हणजे आम्ही जवळजवळ दुसऱ्या देशात राहतो.

आम्ही फार हुशार आहोत असं काही नाही. राज्य लहान, निमशहरी, शाळा जवळ. आणि माझ्या मते एक कारण कोणी मोजत नाही: तारवटी, म्हणजे बोटीवर नोकरी करणारे. घरातला पुरुष बोटीवर किंवा आखातात, त्यामुळे बायकांना व्हिडिओ कॉल आणि बँकेचं बघणं आपसूक आलं. माझ्या मावशीला स्काइप यायचं तेव्हा मला येत नव्हतं. गरज आणि घरात दुसरं कोणी नसणं, याहून मोठा मास्तर नाही. जिथे करून द्यायला कोणी असतं तिथे शिकणं राहून जातं.

हां, पण सरकारी पोर्टल आलं की मावशीसुद्धा माझ्याकडेच फोन सरकवते.

हॅम्बुर्गची_मावशी

इथल्या लोकांना वाटतं भारत मागे आणि युरोप पुढे, म्हणून दोन आकडे टाकते. युरोपीय संघाच्या २०२३ च्या पाहणीत १६ ते ७४ वयाच्या लोकांपैकी निदान मूलभूत डिजिटल कौशल्यं असलेले ५५.६ टक्के. नेदरलँड्स ८२.७, रोमानिया २७.७, आणि आमचा जर्मनी ५२.२. २०३० पर्यंत ८० टक्के गाठायचं ठरवलंय. जर्मनी गाठेल असं मला तरी वाटत नाही. इथे अजून घरी पत्र येतं आणि त्याला पत्रानेच उत्तर जातं.

पण मोजण्याची पद्धत बघण्यासारखी आहे. माहिती शोधणं, संवाद, मजकूर तयार करणं, सुरक्षितता आणि अडचणी सोडवणं अशा पाच बाजू धरतात. गेल्या तीन महिन्यांत त्या प्रत्येक बाजूतलं काहीतरी तुम्ही केलं असेल तरच मूलभूत. चारांत पंडित आणि पाचव्यात शून्य असाल तर नापास. आपल्याकडची आकडेवारी वाचताना ही नजर ठेवली तर बरं. सुरक्षिततेची बाजू धरली तर आपल्यातले कितीजण उरतील?

मात्र एक फरक सांगितलाच पाहिजे. इथे ज्याला येत नाही त्याला कागदाचा रस्ता अजून उघडा आहे. जर्मनीच्या रटाळपणाची आपण चेष्टा करतो, पण माझ्या शेजारच्या ऐंशी वर्षांच्या बाईंचं डिजिटल येत नाही म्हणून काही अडत नाही.

पाटीपेन्सिल (धागाकर्ता)

@हॅम्बुर्गची_मावशी, तुमचा शेवटचा मुद्दा कळीचा आहे. आपण कौशल्य कमी म्हणतो तेव्हा दोष माणसावर जातो, आणि खिडकी बंद करणारा नामानिराळा राहतो.

लाडकी बहीण योजनेची ई-केवायसी २०२५ च्या सप्टेंबरात सुरू झाली. त्यात बाईच्या आधारच्या ओटीपीबरोबर नवऱ्याच्या किंवा वडिलांच्या आधारचाही ओटीपी मागितला होता. जिचा नवराही नाही आणि वडीलही नाहीत तिने काय करायचं? ती बाई संगणक अभियंता असती तरी अडली असती. पुढे अशा बायकांसाठी वेगळी सोय करावी लागली आणि मुदतही वाढवावी लागली. इथे कौशल्याचा संबंध कुठे आला? फॉर्म करणाऱ्याच्या डोळ्यासमोर एक ठरावीक कुटुंब होतं, इतकंच.

सर्वोच्च न्यायालयाचा ३० एप्रिल २०२५ चा निकालही याच धर्तीचा. ई-केवायसीत 'डोळे मिचकावा' म्हणतात ना, अ‍ॅसिड हल्ल्यात डोळे गमावलेल्यांनी आणि अंध व्यक्तींनी ते कसं करायचं, यावरून प्रकरण गेलं. न्यायालयाने डिजिटल सेवांपर्यंत पोचणं हा घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग मानला आणि पद्धती बदलायला सांगितल्या. मी वकील नाही, पण 'तुम्हाला येत नाही' वरून 'तुम्ही येऊ देत नाही' वर न्यायालय आलं, हे मला मोठं वाटतं.

उंटावरचा_शहाणा

तुम्ही आता सरकारला धरायला निघालात. सरकारने शिकवायचा प्रयत्न केला नाही का? प्रधानमंत्री ग्रामीण डिजिटल साक्षरता अभियान २०१७ पासून होतं. ६ कोटी ग्रामीण कुटुंबांतला एकेक जण शिकवायचा, असं लक्ष्य. मार्च २०२४ मध्ये संपलं तेव्हा ६.३९ कोटी लोकांना प्रशिक्षण मिळालेलं होतं. लक्ष्यापेक्षा जास्त! आता बोला.

सेतूवाला

बोलतो. वीस तासांचा अभ्यासक्रम होता. त्यात संगणक म्हणजे काय इथपासून ईमेल आणि डिजिटल पैसे इथपर्यंत. आज फोन घेतलेल्याला वीस तासांत तोंडओळख होते, हात बसत नाही. घरटी एकच माणूस धरला, तो बहुतेक ठिकाणी घरातला शिकलेला पोरगाच असणार, कारण परीक्षा पास व्हायची असते. आणि वयाची अट १४ ते ६०. साठीच्या पुढचा बाद! पेन्शनचा हयातीचा दाखला कोणाला द्यायचा असतो? साठीच्या पुढच्यालाच ना?

तरी योजना वाया गेली असं नाही म्हणणार. आमच्याकडच्या काही बचत गटाच्या बायका त्यातूनच पुढे आल्या, आता त्या गटाचं बँकेचं काम स्वतः बघतात. पण त्यांनी ते पुढे चालू ठेवलं म्हणून. ज्यांनी प्रमाणपत्र घेऊन भिंतीला लावलं त्यांचं तिथेच राहिलं.

वैशाख_वणवा

अंगणवाडी सेविकांचं कोणी बोललं नाही अजून. २०२१ मध्ये पोषण ट्रॅकर अ‍ॅप आलं. अ‍ॅप इंग्रजीत, दिलेल्या फोनची मेमरी अपुरी. त्या ऑगस्टमध्ये महाराष्ट्रातल्या सेविकांनी सरकारी फोन परत करायचं आंदोलन केलं. पेपरांत सूर असा लागला होता की बायकांना तंत्रज्ञान झेपत नाही. याच बायका बाळांची वजनं, लसी, गरोदर मातांच्या नोंदी कितीतरी रजिस्टरांत बिनचूक ठेवत होत्या! नोंद ठेवण्याचं कौशल्य त्यांच्याकडे अ‍ॅप लिहिणाऱ्यापेक्षा जास्त होतं.

ताकभात

आता गंभीर होऊन लिहितो. फसवणुकीचा हिशेब कुठल्या बाजूला लावायचा? गृहखात्याच्या आकडेवारीनुसार २०२४ मध्ये सायबर फसवणुकीत लोकांचे २२,८४५ कोटी रुपये गेले. २०२३ मध्ये ७,४६५ कोटी होते. एका वर्षात तिप्पट. आणि 'डिजिटल अरेस्ट'मध्ये, म्हणजे व्हिडिओ कॉलवर खोटे पोलीस अटकेचा धाक घालून पैसे उकळतात त्यात, अडकलेले लोक कोण? निवृत्त अधिकारी, डॉक्टर, प्राध्यापक. ज्यांना नेटबँकिंग व्यवस्थित येतं, म्हणूनच ज्यांच्या खात्यातून मोठी रक्कम त्यांच्याच हाताने जाऊ शकते. माझ्या ओळखीतल्या एका काकांनी फोन चालू ठेवून दोन दिवस घराबाहेर पाय टाकला नव्हता, इतका धाक. काकूंना स्मार्टफोन येत नाही. शेवटी त्यांनीच दार उघडून शेजाऱ्यांना बोलावलं.

तेव्हा येणारे सुरक्षित आणि न येणारे बिचारे, अशी सरळ वाटणी नाही.

फळ्यावरची_बाई

@ताकभात, हे खरं आहे. म्हणूनच मी आता बटणं कमी शिकवते आणि 'कोण विचारतंय, कशासाठी विचारतंय' हे जास्त. पोलीस व्हिडिओ कॉलवर अटक करत नाहीत, एवढं एक वाक्य आधी कोणी सांगितलं असतं तर त्या काकांचे दोन दिवस वाचले असते.

रानवाट

केरळकडे बघा जरा. तिरुवनंतपुरम जिल्ह्यातल्या पुल्लमपारा पंचायतीने आधी स्वतःपुरतं केलं, २०२२ मध्ये सगळी पंचायत डिजिटल साक्षर जाहीर झाली. मग राज्याने तेच उचललं. सुमारे ८३ लाख घरं फिरून, दीड कोटी लोकांना विचारून, ज्यांना येत नाही असे जवळजवळ २२ लाख शोधले आणि त्यांनाच शिकवलं. ऑगस्ट २०२५ मध्ये राज्य डिजिटल साक्षर म्हणून जाहीर केलं. नव्वदी ओलांडलेलेही त्यात होते.

मला त्यातलं आवडलं ते हे की माणसाला वर्गात बोलावलं नाही. पुल्लमपाऱ्यात रोजगार हमीच्या कामावर, कुटुंबश्री या बायकांच्या गटांच्या बैठकीत, घरच्या ओसरीवर शिकवायला गेले. साक्षरता मोहिमेची जुनी सवय आहे त्यांना. 'पूर्ण साक्षर' या जाहिरातीवर माझा तितकासा विश्वास नाही, दोन वर्षांनी पुन्हा तपासलं तर कळेल. पण यादी करून नेमक्या माणसापर्यंत जाणं, हे आपण केलेलं नाही. आपण गाव निवडतो. २०१६ मध्ये मेळघाटातलं हरिसाल डिजिटल गाव झालं, त्याच डिसेंबरात मुरबाडजवळचं धसई कॅशलेस झालं. फलक लागले, कॅमेरे आले. शेजारच्या गावाचं काय?

नळदुर्गकर

आमच्या सार्वजनिक वाचनालयात दुपारी जागा रिकामी असते. दोन निवृत्त शिक्षक आणि कॉलेजची तीन-चार पोरं तयार आहेत. आठवड्यातून एक दुपार घ्यायची म्हणतोय. अभ्यासक्रम वगैरे नको. सेतूवाला, बाई, सुरुवात कशापासून करू?

फळ्यावरची_बाई

त्यांच्याच फोनवर शिकवा, आणलेल्या टॅबवर नको. घरी गेल्यावर बटणाची जागा बदललेली दिसली की माणूस सोडून देतो. एका वेळी पाच-सहाच जण. आणि पोरांना एकच नियम घाला: समोरच्याच्या फोनला हात लावायचा नाही, फक्त तोंडाने सांगायचं. हा नियम पाळणं फार अवघड आहे, पोरं पटकन फोन ओढून 'हे बघा, झालं' म्हणतात. बायकांची बॅच वेगळी ठेवा आणि वेळ त्यांना विचारून ठरवा.

सेतूवाला

पहिल्या दिवशी बँकेचा मेसेज वाचायला शिकवा. जमा कुठलं, नावे कुठलं, शिल्लक किती. अक्षरं लहान असतील तर आधी फोनची अक्षरं मोठी करून द्या, निम्म्या म्हाताऱ्यांचा प्रश्न तिथेच सुटतो. दुसऱ्या दिवशी यूपीआय: पैसे येताना पिन टाकावा लागत नाही, पिन मागितला म्हणजे पैसे जाणार. हे दहा वेळा घोकून घ्या. सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा १९३० नंबर फोनमध्ये साठवून द्या, पैसे गेल्यावर पहिल्या तासात तिथे फोन केला तर रक्कम अडवता येण्याची शक्यता जास्त असते. पीडीएफ आणि अर्ज नंतर.

पासवर्डची वही त्यांची त्यांना करायला सांगा. पासवर्ड वहीत लिहू नये असं पुस्तकं सांगतात, पण त्यांच्या घरच्या ट्रंकेतली वही माझ्या टेबलावरच्या वहीपेक्षा बरी.

उंटावरचा_शहाणा

सेतूवाला, तुमचं गिऱ्हाईक कमी होईल की.

सेतूवाला

शेतकरी ओळख क्रमांक, नवीन केवायसी, नवीन पोर्टल, दर दोन महिन्यांनी काहीतरी निघतं. माझी काळजी करू नका. नळदुर्गकर, वाचनालयात वायफाय आहे का? नसेल तर पोरांच्या हॉटस्पॉटवर भागवू नका, दुपारी रेंज जाते. ग्रामपंचायतीत भारतनेटचं (गावोगावी इंटरनेट पोचवणारी सरकारी योजना) कनेक्शन आलंय का विचारा, आलं असेल तर तिथून जोडून मिळतं का बघा.

नळदुर्गकर

पेटी बसवलीय, चालू आहे का ते ग्रामसेवकाला विचारून उद्या लिहितो.